मुक्कामाचा भाव

प्रवासात रात्रीचा मुक्काम कोठे करावा, हा प्रश्न खिशाचा आहे, नीतीचा नव्हे, असे कोणीही म्हणेल. ज्याच्यापाशी पैसा आहे त्याने मोठ्या हॉटेलात उतरावे, ज्याच्यापाशी नाही त्याने धर्मशाळेत पथारी पसरावी आणि मधल्यांनी मधली जागा शोधावी. यात विचार करण्यासारखे काय आहे? परंतु जे प्रश्न आपण खिशावर सोपवून मोकळे होतो, त्यांच्या तळाशी पुष्कळदा दुसराच एखादा प्रश्न दडलेला असतो. मुक्कामाचे तसेच आहे. कोणाच्या छपराखाली झोपायचे, हे ठरवताना आपण कोणाचे काय देणे लागतो, हेही नकळत ठरवीत असतो.

आमचे महाळुंगे पडवळ पुणे-नाशिक रस्त्यापासून थोडे आत आहे. मंचर, कळंब, नारायणगाव, आळे फाटा, संगमनेर, सिन्नर ही त्या रस्त्यावरची गावे. आमच्या आधीच्या पिढीच्या लेखी हा रस्ता म्हणजे सोयऱ्याधायऱ्यांच्या घरांची एक लांबलचक ओळच होती. नारायणगावी मावशी, संगमनेरला लेकीचे सासर, नाशकात चुलतभाऊ. कोठे उतरायचे, हे कोणी विचारीत नसे. फार तर कोणाकडे आधी जायचे, यावर रुसवेफुगवे होत.

यंदा घरच्या आठ माणसांनी जीप भाड्याने करून उज्जैन-ओंकारेश्वराला जायचे ठरवले. नाशिक, मालेगाव, धुळे, सेंधवा, इंदूर असा रस्ता. पुतण्या मोबाईलवर लॉज पाहू लागला. एक जागा अगदी स्वस्त, पण चादरी संशयास्पद. एक इतकी महाग की दोन रात्रींत देवदर्शनाचा सगळा खर्च निघावा. आणि या दोहोंच्या मधली पाचसहा. तो म्हणाला, "मधलंच घेऊ." यावर माझी थोरली बहीण, आमची आक्का, उसळून म्हणाली, "नाशकात आपली माणसं असताना पैसे टाकून झोपायचं? उद्या तोंड कसं दाखवायचं त्यांना?" पुतण्याने शांतपणे विचारले, "आत्या, आठ माणसं घेऊन कुणाच्या दारात उभं राहायचं?"

दोघांच्याही बोलण्यात तथ्य होते. आक्काच्या मते पाहुणचाराला किंमत लावली की माणुसकी संपते. आज मी तुझ्याकडे उतरलो, उद्या तू माझ्याकडे उतर. हा हिशेब कधीच पुरा फिटत नाही आणि तो फिटत नाही म्हणूनच नाते टिकते. हे खरे आहे. परंतु या न फिटणाऱ्या हिशेबातले श्रम कोणाच्या खात्यावर पडतात? अतिथीला देव मानणारा घरधनी ओसरीवर गप्पा मारीत बसतो आणि त्या देवासाठी पहाटे चार वाजता उठून पाणी तापवते ती घरची सून. तिला कोणी विचारलेले नसते. लॉजवाल्याला आपण पैसे मोजतो तेव्हा निदान एवढे तरी मान्य करतो, की आपली झोप कोणाच्या तरी कष्टांवर उभी आहे.

दुसरीही एक गोष्ट आहे. सोयऱ्यांचे घर उघडे असते ते सोयरे असणाऱ्यांना. ज्याचे त्या गावात कोणी नाही, त्याने काय करावे? या प्रश्नाला आपल्या मुलखाने फार जुन्या काळी एक थोर उत्तर दिले आहे. नहपान क्षत्रपाच्या अमात्याचा शिलालेख आमच्या जवळच, जुन्नरच्या मानमोडी डोंगरातल्या लेण्यात आहे. त्याच नहपानाचा जावई उषवदात. त्याने भडोच, दशपूर, गोवर्धन आणि शूर्पारक येथे वाटसरूंसाठी विश्रामगृहे बांधली आणि तापीसारख्या नद्यांवर फुकट नावा ठेवल्या, असे नाशिकच्या पांडवलेण्यात कोरलेले आहे. हे सुमारे एकोणीसशे वर्षांपूर्वीचे. गोवर्धन नाशकाजवळचे आणि दशपूर म्हणजे माळव्यातले मंदसोर. म्हणजे आमची जीप ज्या दिशेने निघणार, त्याच दिशेच्या वाटसरूंची ती सोय होती.

परंतु दानाची दारेही सर्वांना सारखी उघडत नसत. पंढरपुरात ज्यांना कोणी थारा देत नव्हते त्या वारकऱ्यांसाठी गाडगेबाबांना चोखामेळा धर्मशाळा बांधावी लागली. 1949 साली त्यांनी ती डॉ. आंबेडकरांच्या शिक्षणसंस्थेच्या हवाली केली. खुद्द आंबेडकर 1917 साली परदेशातून शिकून बडोद्याला नोकरीवर रुजू झाले, तेव्हा पैसे देऊनही त्यांना जागा मिळेना. पारशी सराईत पारशी नाव सांगून ते राहिले आणि ते उघडकीस येताच काठ्या घेऊन आलेल्या जमावाने त्यांना बाहेर काढले. अमेरिकेसारख्या धनाढ्य देशातही निराळी तऱ्हा नव्हती. तेथे 1936 साली व्हिक्टर ग्रीन नावाच्या न्यूयॉर्कच्या पोस्टमनने काळ्या प्रवाशांसाठी एक पुस्तिका काढली. अपमान न होता कोठे उतरता येईल, एवढेच तिच्यात सांगितलेले असे. ती 1960 नंतरही काही वर्षे निघत होती. 1952 साली केमन्स विल्सन या गृहस्थाने मेम्फिस शहरात मध्यम भावाचे, स्वच्छ आणि मुलांचे वेगळे पैसे न घेणारे 'हॉलिडे इन' उघडले आणि पुढे तशी हॉटेले देशभर झाली, तेव्हाही ती पुस्तिका छापावी लागत होती.

म्हणून भिंतीवरच्या दरपत्रकाकडे मी तुच्छतेने पाहू शकत नाही. 1950 साली अंमलात आलेल्या आपल्या राज्यघटनेच्या पंधराव्या कलमात दुकाने, उपाहारगृहे आणि हॉटेले यांचा मुद्दाम उल्लेख आहे. तेथे धर्म, जात, लिंग, वंश किंवा जन्मस्थान यांवरून कोणाला अडवता येणार नाही. विचार करता असे वाटते, की 'खोली इतके रुपये' ही पाटी रुक्ष असली तरी तिच्यात एक अभय आहे: तू कोण, कोणाचा, हे मी विचारणार नाही. मोठ्या हॉटेलातली लवून केलेली अदब तिच्यात नाही आणि दानाच्या ओसरीवरचा ओशाळेपणाही नाही. मधल्या भावाची खरी थोरवी मला येथे दिसते. ही पाटी असूनही एकटी आलेली बाई किंवा विशिष्ट आडनावाचा माणूस पाहून 'खोली शिल्लक नाही' असे जेथे सांगतात, तेथे ते अभय खोटे ठरते, मग चादर कितीही पांढरी असो.

आक्काला हे सारे मी सांगितले. तिने ऐकून घेतले आणि विचारले, "बरं, लॉजात उतरू. पण ड्रायव्हर कुठं झोपणार?"

पुतण्याने ठरवलेल्या लॉजला फोन केला. उत्तर आले, "गाडीतच झोपतात ना सगळे." ते तुसडेपणाने दिलेले नव्हते; रिवाज होता तो सांगितला, इतकेच. आठ माणसांच्या तीन खोल्यांचा भाव आम्ही दहा वेळा ताडून पाहिला होता, आणि ज्याच्या डोळ्यांवर त्या आठांचे जीव सोपवून सेंधव्याचा घाट चढायचा, तो माणूस त्या हिशेबात कोठेच नव्हता. पाटीवरच्या अभयाची ही सीमा आहे. खोलीचे पैसे जो भरतो त्यालाच ते लागू. जो आपल्याला तेथवर आणतो तो दाराबाहेर. तामिळनाडू सरकारने 2023 साली बांधकामाच्या नियमांत बदल करून हॉटेले आणि लॉज यांना ड्रायव्हरांच्या झोपण्याची सोय करणे सक्तीचे केले. कायद्याला हे सांगावे लागते, यावरून रिवाज किती मुरलेला आहे ते कळते.

विकत घेणे ही केवळ आपल्या खिशाची बाब नाही, हे महाळुंगे पडवळच्या माणसाला कोणी निराळे शिकवायला नको. बाबू गेनू सैद हा गिरणी कामगार याच गावचा. 12 डिसेंबर 1930 रोजी मुंबईत विलायती कापडाच्या लॉरीपुढे आडवा होऊन त्याने प्राण दिला. त्या बलिदानाशी आमच्या लॉजनिवडीची तुलना करणे हास्यास्पद होईल. पण त्यामागचे तत्त्व लहान व्यवहारालाही लागू पडते: स्वस्त वस्तूची उरलेली किंमत कोणीतरी कोठेतरी भरीत असतो.

अखेर आम्ही ठरवलेले लॉज सोडून त्याहून साधे एक घेतले. तेथे पंखा आहे, थंड हवेचे यंत्र नाही. पण मागच्या बाजूला ड्रायव्हरांसाठी खाटा आहेत, नहाणी आहे. पुतण्या थोडा खट्टू झाला. नाशकाच्या चुलतभावाकडे सर्वांनी नुसता चहा घ्यायचा, असा तह आक्काने करून घेतला. आणि तो चहा सुनेने नव्हे, चुलतभावाने करायचा, असेही कलम तिने फोनवरूनच घातले.

मधला भाव म्हणजे स्वस्त आणि महाग यांची सरासरी, असे आपण समजतो. माझ्या मते त्याची व्याख्या निराळी असावी. बरोबर निघालेल्या प्रत्येकाला पाठ टेकता येईल आणि कोणालाही आपले नाव लपवावे लागणार नाही, तो भाव मध्यम. त्याहून कमी पडेल ती जागा महागच म्हटली पाहिजे.