चौथा हिस्सा

मागच्या हिवाळ्यात अकोल्याच्या मित्राचा मेसेज आला: "आपली गिटार आनजो एखांद्या रोजी. भाचीले शिकाचं हाय."

साधा मेसेज. पण मी 'आपली' या शब्दावर अडकलो. गिटार अमरावतीला माझ्या घरी, कामाच्या टेबलाशेजारी उभी होती. कंपनी पुण्याची, काम घरून, त्यामुळे दोन मीटिंगांच्या मधे ती हातात यायची. सात वर्षं मीच तिला पुसत होतो, मीच तिच्यावर पैसे घालत होतो. मनातल्या मनात ती 'माझी' झाली होती. कधी झाली, हे मात्र आठवेना.

2016 साली आम्ही बडनेऱ्याला इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला होतो. चौघांनी प्रत्येकी तीन हजार काढले आणि बारा हजारांत एक इलेक्ट्रिक गिटार आणि छोटा अँप्लिफायर घेतला. नियम ठरला की महिन्याला एकाकडे. डिग्री झाल्यावर एक कॅनडाला गेला, एक नागपूरला. दोघांनीही ग्रुपवर "ठेव बे तुले" असं लिहून विषय संपवला. अकोल्याचा मित्र काहीच बोलला नाही. त्याच्या वडिलांना अर्धांगवायूचा झटका आला होता आणि बियाण्याखताच्या दुकानावर बसायला दुसरं कुणी नव्हतं. आमच्या चौघांत खरं वाजवता त्यालाच यायचं. "सध्या माझ्याकडे राहू दे," असं मी म्हणालो. 'सध्या'ला सात वर्षं झाली.

या सात वर्षांत मी काय काय केलं, ते सांगितलं पाहिजे.

सुरुवात गुणगुणण्यापासून झाली. स्वर नाही, नुसती घरघर. गिटारच्या तारांखाली पिकअप असतो: चुंबक आणि त्याभोवती केसासारख्या बारीक तांब्याच्या तारेचे हजारो वेढे. वर पोलादी तार थरथरली की चुंबकीय क्षेत्र हलतं आणि वेढ्यांत वीज निर्माण होते. तीच अँप्लिफायरपर्यंत जाते. पण एकेरी वेढ्यांचा पिकअप घरातल्या 50 हर्ट्झच्या विजेची घरघरही तितक्याच प्रेमानं पकडतो. यावर गिब्सन कंपनीच्या सेथ लव्हर या इंजिनिअरनं तोडगा काढला. दोन गुंडाळ्या उलटसुलट जोडायच्या, म्हणजे दोन्हींतली घरघर एकमेकींना खाते आणि स्वर तेवढा उरतो. पेटंटसाठी त्यानं 1955 साली अर्ज केला. तोच हमबकर.

मला खरं तर पिकअप बदलायची गरज नव्हती. आतल्या खोबणीला तांब्याची फॉइल चिकटवून ती नीट अर्थ केली की बरीच घरघर जाते. खर्च दोनतीनशे रुपये. ते मी केलं आणि आवाज सुधारला. तिथं थांबायला हवं होतं. पण तोवर मी रात्री दोनपर्यंत पिकअपचे व्हिडिओ बघायला लागलो होतो.

सुटे पिकअप विकत घेऊन बसवायची चाल 1970च्या दशकात रुळली. डिमार्झिओ, सेमूर डंकन ही नावं तेव्हापासूनची. एडी व्हॅन हॅलननं तर सेकंड क्वालिटीची बॉडी, वेगळा नेक आणि दुसऱ्याच गिटारमधून काढलेला हमबकर जोडून आपली 'फ्रँकेन्स्टाइन' बनवली. अशा गोष्टी वाचल्यावर स्क्रू ड्रायव्हर हातात घ्यायला वेळ लागत नाही. मी आधी स्वस्तातले सिरॅमिक चुंबकाचे तिन्ही पिकअप काढून अल्निकोचे लावले. मग पोटेन्शिओमीटर. एकेरी पिकअपला साधारण 250 किलोओहमचे लावतात, हमबकरला 500चे. नुसते ते बदलले तरी आवाज उजळ किंवा मंद होतो. मग नट हाडाचा केला. मग तारा पिळायच्या खुंट्या, मग ब्रिज. शेवटी नेकमधला ट्रस रॉड माझ्याच हातानं जास्त पिळून तुटला आणि नेकही नवा आला. एकूण सव्वीस हजार. जुनं उरलं ते लाकडाचं धड, मागची पत्र्याची पट्टी आणि पट्ट्याची दोन बटणं. काढलेले भाग बुटांच्या एका खोक्यात होते.

आवाज सुधारला का? मी सगळ्यांना 'हो' सांगत आलो. खरं उत्तर 'माहीत नाही' असं आहे. ज्या दिवशी पिकअप बदलले, त्याच दिवशी ताराही नव्या घातल्या आणि पिकअपची उंचीही वाढवली. तारेच्या जवळ आलेला पिकअप जोरात वाजतो आणि जोरातलं कानाला चांगलंच वाटतं. ऑफिसात कुणी एकाच वेळी तीन गोष्टी बदलून 'परफॉर्मन्स सुधारला' असं म्हटलं असतं, तर मी त्याचा कोड परत पाठवला असता. स्वतःचा मात्र पास केला.

तर गिटार पाठीला आणि खोकं पिशवीत घेऊन मी एका शनिवारी अकोल्याच्या एसटीत बसलो. वाटभर वाद जुळवत होतो. ग्रीकांच्या थिसियसच्या जहाजाची गोष्ट तुम्हाला माहीत असेल: एकेक फळी बदलत गेली, सगळ्या बदलल्या, तर जहाज तेच का? थॉमस हॉब्जनं सतराव्या शतकात त्यात आणखी एक पाचर मारली. काढलेल्या जुन्या फळ्या कुणी जपून ठेवून त्यांचंच दुसरं जहाज जोडलं, तर मग खरं कोणतं? माझ्या मांडीवरच्या खोक्यात ते दुसरं जहाज खुळखुळत होतं.

मूर्तिजापूर आलं आणि मला आपल्याकडचं उदाहरण सापडलं. इथून एकीकडे अचलपूरला आणि दुसरीकडे यवतमाळला नॅरोगेजची 'शकुंतला' जायची. मँचेस्टरला बनलेलं तिचं वाफेचं इंजिन 1994 साली निघालं, डिझेलचं आलं. लोकांनी नाव बदललं नाही. इंजिन दुसरं, डबे दुसरे, तरी गाडी शकुंतलाच. म्हणजे आपली गिटारही आपलीच, असं मी ठरवून टाकलं. शकुंतलाची दुसरी गोष्ट तेव्हा सोयीस्करपणे आठवली नाही. मार्ग एका खासगी कंपनीच्या मालकीचा आणि गाडी चालवायची भारतीय रेल्वेनं, असा तिचा कारभार होता. वस्तू तीच आहे का हा एक प्रश्न, आणि तिच्याबद्दल ठरवायचं कुणी हा दुसरा.

मित्रानं दुकानाच्या काउंटरवरच गिटार ठेवून घेतली. बोटं खुंट्यांवरून, नेकवरून फिरवली. दोन स्वर काढले. "बढिया वाजून रायली," म्हणाला. मग म्हणाला, "पन हे कोनाची हाय?"

मी जुळवून आणलेलं सगळं ओतलं. जहाज सांगितलं. नागसेनाचा रथही सांगितला. मिलिंदप्रश्नात राजा रथातून येतो आणि भिक्खू नागसेन त्याला विचारतो की रथ म्हणजे आस का, चाकं का, जू का? यातलं एकेक काही रथ नाही. हे सगळं नीट जुळून आलं की त्याला व्यवहारात 'रथ' म्हणतात, एवढंच. तसंच 'आपली गिटार' हेही एक नाव आहे, भाग बदलले म्हणून ते जात नाही.

त्यानं ऐकून घेतलं. ऐकता ऐकता खोकं उघडलं आणि मधला जुना पिकअप उलटा केला. मागं सोल्डरचा एक बेढब गोळा होता. तो काढताना मी हसलो होतो की कारखान्यात कसलं भंगार काम करतात.

"हे म्या जोडलं व्हतं," तो म्हणाला. "गॅदरिंगच्या आदल्या रात्री. वायर तुटली व्हती. तू झोपेल होता."

मी काही बोललो नाही.

"बदलला त बदलला. थे काई नाई. पन मले इचाराले काय झालतं बे?"

परतीच्या एसटीत मला माझ्या आजोबांच्या गावचा मृदंग आठवला. दर्यापूर तालुक्यातलं छोटं गाव, तिथलं भजनी मंडळ. त्या मृदंगाची शाईची पुडी किती वेळा बदलली असेल, वाद्या किती वेळा, याचा हिशोब नाही. एकदा खोडाला चीर गेली तेव्हा खोडही बदललं म्हणतात. म्हणजे थिसियसच्या जहाजासारखंच. पण तो मृदंग कुणाचा, असा प्रश्न गावात कधी निघाला नाही. कारण पुडी फाटली की आधी मंडळ बसायचं. वर्गणी किती, कारागीर कोणता, आषाढीच्या आधी होईल का, यावर घटकाभर भांडण व्हायचं. कुणी पाच रुपये द्यायचा, कुणी नुसतं मत द्यायचा. मग पुडी नवी यायची आणि मृदंग मंडळाचाच राहायचा. तो लाकडामुळे मंडळाचा नव्हता, त्या बसून ठरवण्यामुळे होता.

मला वाटतं, माझी गफलत इथंच होती. मी प्रश्न वस्तूचा समजत होतो: किती टक्के जुनं उरलं, म्हणजे तिचा चौथा हिस्सा किती. हे कोडं मजेदार आहे आणि त्यात लपायला भरपूर जागा आहे. पण भागीदारी म्हणजे लाकडाचा चतकोर तुकडा नसतो. पुढं काय करायचं हे ठरवताना आपलं तोंड असणं म्हणजे भागीदारी. ते तोंड मी पहिल्या पिकअपच्या वेळीच काढून टाकलं होतं. बाकीचे भाग नंतर निघाले.

माझ्या बाजूनंही बोलता येईल आणि मी ते स्वतःशी बोललो. तो सात वर्षं गप्प होता. सव्वीस हजार माझेच गेले. बदल चांगल्यासाठी केले. पण गप्प राहणारा माणूस 'हो' म्हणतोय की दुकानात बसून वडिलांच्या औषधांची बिलं जुळवतोय, हे फोन केल्याशिवाय कळत नाही. आणि मला विचारावंसं वाटलं नाही, यामागं एक कारण होतं. विचारलं असतं तर तो 'नको' म्हणू शकला असता. चांगल्यासाठी केलेल्या कितीतरी गोष्टी आपण याच भीतीनं न विचारता करतो. वडिलांचं जुनं कपाट विकताना, आईचा फोन बदलताना. पैसे आपले असले की हे आणखी सोपं जातं.

पुढच्या शनिवारी सोल्डरिंग आयर्न घेऊन पुन्हा गेलो. यावेळी दुकान बंद झाल्यावर दोघं बसलो आणि एकेका भागाचं ठरवलं. नेक नवाच राहिला, जुना वाजण्याजोगा नव्हता. हाडाचा नट राहिला. खुंट्या राहिल्या, कारण सूर टिकतो आणि शिकणाऱ्या पोरीला तेच महत्त्वाचं. तिच्या बोटांसाठी सर्वांत बारीक तारांचा सेट घातला आणि तारा नेकच्या जवळ आणल्या. पिकअपवर वाद झाला. मी म्हटलं, नवे राहू दे. तो म्हणाला, जुने लावून पाहू, फॉइल तर लागलेलीच आहे. जुने लावले. लाइट गेली, इन्व्हर्टरवर अँप्लिफायर भणभणला, लाइट आली तसा शांत झाला. मधल्या पिकअपचा तो बेढब गोळा टिकला होता.

कोणते पिकअप चांगले, ते मला त्या रात्रीही सांगता आलं नसतं. नवे माझ्या ड्रॉवरमध्ये आहेत. सव्वीस हजारांचं काय, हे आम्ही बोललेलो नाही. कधीतरी बोलावं लागेल.

गेल्या आठवड्यात त्याचा मेसेज आला: "व्हॉल्यूमची खुटी करकर करून रायली. पॉट बदलाचा म्हनतो. चालते का?"

एवढ्याशा पॉटसाठी काय विचारतोस, असं लिहायला घेतलं होतं. मग ते पुसलं आणि लिहिलं, "आंधी क्लीनर मारून पाय. मंग सांगतो."