जागा कोणाची?

एका पक्षाच्या चिन्हावर निवडून आलेल्या प्रतिनिधीनें मध्येंच पक्ष सोडला, तर तो मतदारांशीं विश्वासघात करितो काय? हा प्रश्न केवळ मुंबईचा नव्हे. मेढ्याच्या मतदारांपुढेंही तो प्रत्यक्ष उभा राहिला आहे.

मेढ्यासह जावळी तालुका सातारा विधानसभा मतदारसंघांत मोडतो. तेथील आमदार शिवेंद्रसिंहराजे भोसले यांनीं जुलै २०१९ मध्यें आमदारकीचा राजीनामा दिला व राष्ट्रवादी काँग्रेस सोडून ते भारतीय जनता पक्षांत गेले. सप्टेंबरांत, लोकसभेची मुदत चार वर्षांहून अधिक उरली असतां, खासदार उदयनराजे भोसले यांनींही तसेंच केलें. २१ ऑक्टोबर रोजीं दोघांविषयीं मतदान झालें. विधानसभेच्या मतदारांनीं पहिल्यांस निवडिलें. लोकसभेच्या मतदारांनीं दुसऱ्यांस नाकारिलें, व २०२४ सालीं त्यांसच पुन्हां निवडिलें. कौल निरनिराळे पडले; परंतु ज्यांचा अधिकार, त्यांसच विचारण्यांत आलें.

जून २०२२ मध्यें शिवसेनेंत व जुलै २०२३ मध्यें राष्ट्रवादी काँग्रेसमध्यें फूट पडली, तेव्हां मात्र फुटून गेलेल्या आमदारांनीं राजीनामे देऊन कौल मागितला नाहीं. १९८५ सालीं घटनेस दहावें परिशिष्ट जोडून पक्षांतरास बंदी झाली. २००३ सालीं एक-तृतीयांश सभासदांच्या फुटीची सवलतही काढण्यांत आली. तथापि २०२४ च्या आरंभीं विधानसभेच्या अध्यक्षांनीं जे निर्णय दिले, त्यांत कोणत्याही गटाचा एकही आमदार अपात्र ठरला नाहीं.

कोणी म्हणेल, प्रतिनिधि हा निरोप्या नव्हे; पक्षच वचनापासून ढळला, तर त्यानें आपली सदसद्विवेकबुद्धि गहाण कां ठेवावी? हा आक्षेप वजनदार आहे. शिवसेनेंतून फुटलेल्यांचें म्हणणें हेंच होतें कीं, २०१९ सालीं भारतीय जनता पक्षाबरोबर मतें मागून इतरांशीं सरकार स्थापणें हाच विश्वासघात होय. खरें कोणाचें, हें आम्ही ठरवीत नाहीं. परंतु तें ठरविण्याचा हक्क आमदारांचाही नव्हे. बुद्धि प्रतिनिधीची, जागा मात्र मतदारांची ठेव आहे. सांभाळावयास दिलेली बैलजोडी, धन्याचा विचार पटेनासा झाला म्हणून, कोणी दुसऱ्याच्या औतास जुंपीत नाहीं. आधीं ती परत करितो.

पोटनिवडणुकीस खर्च येतो, हें खरें. पण "सगळे सारखेच" असें म्हणून मतदार घरीं बसूं लागला, तर ती हानि खर्चाहून मोठी आहे.

यास्तव वाचकांस आमची विनंति अशी कीं, मत मागावयास येणाऱ्यास, मग तो कोणत्याही पक्षाचा असो, रस्ता व पाणी यांबरोबर हेंही विचारावें: "पक्ष सोडण्याचा प्रसंग आल्यास आधीं आमची जागा आम्हांस परत द्याल काय?" उत्तर चारचौघांत घ्यावें व ध्यानांत ठेवावें. मात्र ज्यानें स्वतःचें मत पैशास विकिलें, त्यास हा प्रश्न विचारावयास तोंड उरत नाहीं.