एकादशीचा उपवास आणि देहाची झाडलोट



अंबड तालुक्यातील वडीगोद्री येथे कीर्तनानंतर आम्हांस एक प्रश्न झाला. "महाराज, एकादशीच्या उपवासाने कर्करोग जातो, हे सिद्ध करून एका जपानी शास्त्रज्ञाने नोबेल मिळविले म्हणे. मोबाईलवर आलंय. खरं का?"

शास्त्रज्ञ खरे, पारितोषिकही खरे. योशिनोरी ओसुमी यांना ते २०१६ साली मिळाले. पण कशासाठी, ते ऐका.

देह असंख्य पेशींचा. पेशीतले जिन्नस जुने होतात, मोडतात. पेशी त्यांभोवती पातळ पिशवी गुंडाळते, पाचक रसाच्या कप्प्यात नेऊन सोडते, आणि विरघळलेला माल पुन्हा कामी लावते. आपल्या मायबाया फाटके लुगडे टाकीत नाहीत, त्याची वाकळ शिवतात, तसेच हे. या क्रियेस १९६३ साली क्रिस्तियन द दूव यांनी 'ऑटोफॅजी' नाव दिले. आपण स्वभक्षण म्हणू. ओसुमींनी यीस्ट, म्हणजे पाव फुगविणारा सूक्ष्म जीव, पाचक रस बंद पाडून उपाशी ठेवला. काही तासांतच या पिशव्या साचलेल्या दिसल्या. पुढे ही क्रिया चालविणारी जनुके त्यांनी हुडकली. अन्न आले की इन्सुलिन वाढते व झाडलोट मंदावते. अन्न थांबले की ती जोर धरते.

मग एकादशी सिद्ध झाली ना? नाही, मंडळी. यीस्ट म्हणजे माणूस नव्हे. किती तासांच्या उपवासाने माणसाच्या कोणत्या अवयवात काय घडते, याचा निकाल अजून लागलेला नाही. कर्करोगाची गाठ तर याच क्रियेच्या बळावर तगही धरू शकते. म्हणून रोग्याने औषध सोडून उपवास धरू नये. देवाच्या नावावर खोटे सांगणे हा काही हरिभक्तीचा प्रचार नव्हे.

शिवाय आमचा उपवास तरी कसा? सकाळी साबुदाण्याची खिचडी, दुपारी भगर, सांजेला रताळ्याचा शिरा! साबुदाणा म्हणजे कंदाचे निव्वळ सत्त्व. त्याने इन्सुलिन चढायचे ते चढतेच. झाडलोट व्हायची कधी?

दुसरी गोष्ट जिवाची. मधुमेहाच्या गोळ्या किंवा इन्सुलिन घेणाऱ्या माउलीने निर्जळी धरली, तर साखर एकाएकी उतरून घाम सुटतो, हातपाय कापतात, शुद्ध हरपते. अशांनी आधी डॉक्टरांस विचारावे. गर्भार, दुबळे, आजारी यांस धर्मशास्त्रानेही सवलत दिली आहे. सुनेने सासूबाईंस दूध पाजले तर व्रत मोडले असे कोणी म्हणू नये.

'उप' म्हणजे जवळ, 'वास' म्हणजे राहणे. देवाजवळ राहणे हा उपवास. पोट हलके असले की जागर सोपा होतो, नाम गोड लागते, एवढे आम्हांस पुरे. देहास लाभ झाला तर तो प्रसाद समजावा; त्याच्या लोभाने व्रत धरू नये. साधेल तेवढे अन्न सोडावे. नाम मात्र कोणी सोडू नये.

रामकृष्णहरि.