चाक्रा राखणाऱ्यांचा हक्क

अँडीज पर्वत जिथे ॲमेझॉनच्या खोऱ्यात उतरतो, त्या इक्वाडोरच्या नापो प्रांतातली किच्वा आदिवासी बायकांची शेती नवख्या माणसाला शेती वाटतच नाही. आपला साबुदाणा ज्या कंदापासून होतो तो कसावा, केळी, कोको, चहासारखी उकळून पितात ती ग्वायुसा, औषधी झुडपे आणि या सगळ्यांवर सावली धरणारी उंच झाडे, असे सारे एकाच तुकड्यात दाटीने नांदते. या शेतीला तिथे ‘चाक्रा’ म्हणतात. तिची राखण मुख्यतः बायकांकडे असते. बियाण्याचे, सावलीचे आणि जमीन विसाव्याला सोडण्याचे ज्ञान आजीकडून नातीकडे येते. २०२३ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेने चाक्राला जागतिक महत्त्वाचा कृषी वारसा म्हणून मान्यता दिली.

वर्षावनाची हिरवाई पाहून खालची मातीही तशीच सुपीक असेल असे वाटते. प्रत्यक्षात ॲमेझॉनमधली बहुतेक माती हलकी. कस साठलेला असतो तो झाडपाल्यात. पाने गळतात, उबदार ओलाव्यात भराभर कुजतात आणि मुळे ते अन्न लगेच उचलतात. झाडे तोडली की हा क्रम मोडतो, पाऊस उरलेला कस धुऊन नेतो. चाक्रा हा क्रम मोडत नाही. मातीला पुन्हा जीव देणारी म्हणून आज जिचा गौरव होतो, ती शेती या बायका पिढ्यानपिढ्या करत आल्या आहेत. त्यामुळे ‘सक्षम करणे’ म्हणजे त्यांना शेती शिकवणे, हा समज आधी सोडायला हवा.

उणीव आहे ती दामाची आणि अधिकाराची. इक्वाडोरच्या आग्नेय भागात सुमारे ५,३०० वर्षांपूर्वी कोको वापरला जात होता, असे पुरावे मिळाले आहेत. तरी चॉकलेटचा मोठा नफा आजही कोको पिकवणाऱ्यांपासून दूर जमा होतो. नापोतल्या किच्वा शेतकऱ्यांच्या काल्यारी संघटनेने स्वतःच्या कोकोचे चॉकलेट बनवायला घेतले, ते म्हणूनच मोलाचे. पण बाजाराशीही जपून वागावे लागते. रोख पैसा देणारे एकच पीक वाढू लागले की घराला जेवू घालणारी बाकीची पिके मागे पडतात आणि व्यवहार बायकांच्या हातून निसटण्याची भीती असते.

शिवाय पायाखालची जमीन आणि शेजारची नदीच सुरक्षित नसेल, तर शेती तरी किती टिकणार? नापोत सोन्याच्या खाणींनी नद्यांची पात्रे उकरली, तेव्हा सेरेना गावच्या किच्वा बायकांनी ‘युतुरी वार्मी’ हे पहारापथक उभारले. शेजारच्या पास्तासा प्रांतात नेमोन्ते नेन्किमो यांच्या नेतृत्वाखाली वाओरानी आदिवासी न्यायालयात गेले आणि २०१९ मध्ये तेलासाठी होणारा आपल्या भूमीचा लिलाव त्यांनी रोखला. २००८ च्या राज्यघटनेत निसर्गाला हक्क देणाऱ्या देशातही ही लढाई लोकांनाच लढावी लागली.

म्हणून या बायकांना मदत करू पाहणाऱ्या प्रत्येक योजनेला तीन प्रश्न विचारावेत: जमिनीवर हक्क कोणाचा, भाव ठरवताना बैठकीत कोण बसते आणि पैसा कोणाच्या हाती पडतो? तिन्ही उत्तरांत चाक्रा राखणारी बाई नसेल, तर ती योजना तिच्या ज्ञानावर फक्त आपले नाव लावते आहे.