ताकाला जाऊन भांडं लपवू नकोस

तुझ्या आईचा फोन आला होता. "पोराचा तिथं जीव रमत नाही हो बाई," म्हणून ती माउली माझ्यापाशी रडली. सप्टेंबरात लंडनला गेलास, आता डिसेंबर उजाडला आणि अजून रमत नाही! तुझ्याकडे रात्रीचे अकरा वाजले की तू तिला फोन लावतोस. तेव्हा सांगलीत पहाटेचे साडेचार वाजलेले असतात, एवढा हिशेब तुला येत नाही?

दुपारी चारच्या सुमारास अंधार पडू लागतो, थंडी हाडांत शिरते, जेवणाला चव नाही. बरं, झालं? नव्वद लाखांच्या आसपास माणसं त्याच अंधारात राहतात. जाड कोट घे आणि कुकर लावायला शीक. हे विषय माझ्यापुरते संपले.

आता खऱ्या गोष्टीकडे येऊ. निघण्याआधीच तू व्हॉट्सॲपवरच्या कुण्या 'भाई'ला खोलीसाठी अनामत रक्कम पाठवून मोकळा झालास. खोली पाहिली नाहीस, करार नाही, पावती नाही. आता भाई फोन उचलत नाही आणि तू ईस्ट हॅमला एका खोलीत तिघांबरोबर गादी टाकून पडलायस. अरे, इंग्लंडात याला कायदा आहे. सर्वसाधारण भाड्याच्या घराला २०१९ पासून पाच आठवड्यांच्या भाड्याहून जास्त अनामत मागता येत नाही. शिवाय घेतलेली रक्कम घरमालकाला तीस दिवसांच्या आत सरकारमान्य योजनेत जमा करावी लागते. मालक स्वतः त्याच घरात राहत असेल तर मात्र हे जमा करण्याचं बंधन नाही, म्हणून तिथं दुप्पट सावध राहायचं. हे मी सांगलीत बसून वाचू शकते. तुझ्या विद्यापीठात घरांबद्दल सल्ला देणारं कार्यालय आहे, विद्यार्थी संघटनेचा सल्ला कक्ष आहे, करार वाचून दाखवायला माणसं पगारावर बसवली आहेत. एकदाही त्या दारात गेला नाहीस. का, तर इंग्रजी बोलताना अडखळायला होतं. भीड भिकेची बहीण, हे तुला पाचवीत मीच शिकवलं होतं.

ताप आला तेव्हा काय केलंस? जिभेचा फोटो काढून मिरजेच्या डॉक्टरांना पाठवलास! व्हिसा काढताना वर्षाला ७७६ पौंडांप्रमाणे आरोग्याचा अधिभार तुझ्या वडिलांनी आगाऊ भरलाय, प्लॉट गहाण टाकून. त्या पैशांवर घराजवळच्या जीपीकडे, म्हणजे फॅमिली डॉक्टरकडे, नाव नोंदवायचं असतं. नोंदणीला शुल्क नाही. पत्त्याचा पुरावा नाही म्हणून त्यांनी तुला परत पाठवता कामा नये. रात्री-अपरात्री विचारायचं असेल तर १११, जिवावर बेतलं तर ९९९. तुझ्याजवळ यातलं काय होतं? आईनं बांधून दिलेली सुंठ.

आणि आता ज्यासाठी हे पत्र लिहायला घेतलं ते. तू म्हणे सायकलवरून लोकांना जेवण पोचवतोस, तेही दुसऱ्याच्या खात्यावर, त्याला हिस्सा देऊन. आईला वाटतं पोरगं कष्ट करतंय. कष्टाला मी नावं ठेवत नाही. पण विद्यार्थी व्हिसावर स्वतंत्र व्यवसाय करायला मनाई आहे, आणि ही पोचवणारी मंडळी कंपनीची नोकर नसतात, कायद्यानं स्वतंत्र व्यावसायिक असतात. म्हणजे तासांचा प्रश्न पुढचा, मुळात ते कामच तुला निषिद्ध आहे. दुकानात किंवा कॅफेत रीतसर नोकरी कर, सत्र चालू असताना आठवड्याला वीस तासांपर्यंत. आता यातही तुझी हुशारी नको. या आठवड्यात पंचवीस, पुढच्या आठवड्यात पंधरा, म्हणजे सरासरी वीस, असं चालत नाही. सोमवार ते रविवार, प्रत्येक आठवडा वेगळा मोजतात. तुझ्यासारख्या एमएस्सीवाल्यांचे उन्हाळ्यात प्रबंध लिहायचे महिनेही सत्रातच धरले जातात, सुट्टीत नाही. पकडला गेलास तर व्हिसा जाईल, पदवी जाईल, प्लॉटही जाईल. ज्याचं खातं तू वापरतोस तो त्या दिवशी तुला ओळखही दाखवणार नाही.

रात्री सायकल मारायची म्हणून सकाळचे तास बुडवतोस. तिथली हजेरी आपल्यासारखी मित्राकडून लागत नाही, बाळा. व्हिसाची हमी विद्यापीठानं घेतलीय, तेव्हा तू अभ्यास सोडून भटकायला लागलास तर गृहखात्याला कळवणं त्यांना भाग आहे.

बाबासाहेबांच्या लंडनमधल्या हालअपेष्टा तुला सांगत नाही. त्यावरचं भाषण नववीत तू माझ्याकडूनच लिहून घेतलं होतंस आणि बक्षीसही मिळवलंस. पण १९२१-२२ मध्ये ते ज्या घरात राहत होते ते १०, किंग हेन्रीज रोड महाराष्ट्र सरकारनं २०१५ साली विकत घेतलं. चॉक फार्म स्टेशनपासून चालत जाता येतं. गेलास का? डॉलिस हिलला महाराष्ट्र मंडळ आहे, १९३२ साली सुरू झालेलं, तिथं गेलास का? नाही. लंडनमध्ये तू फक्त ईस्ट हॅम पाहिलंस आणि मोबाइल पाहिलास. बसच्या एका भाड्यात तासाभरात कितीही बस बदलता येतात, हे तरी तुला कुणी सांगितलं का, की तेही विचारायची लाज वाटली?

उद्या सकाळी जीपीकडे. तिथून सल्ला कक्षात जा, भाईबरोबरचे सगळे मेसेज घेऊन. ते अनामत परत मिळवून देतीलच असं मी म्हणत नाही, पण तक्रार कुठे करायची ते सांगतील. त्या परक्या खात्यावरचं काम आजच बंद. पैशांची अडचण वडिलांना मी सांगेन, तू आईला रडवू नकोस. मग तुझ्या ट्यूटरची भेटीची वेळ माग. 'सर, सर' करत दारात उभा राहू नकोस, तिथं प्राध्यापकांनाही नावानं हाक मारतात. सकाळचे तास का बुडले ते खरं सांग, आणि प्रश्न कागदावर लिहून ने. तुझ्या शिफारसपत्रात 'जिज्ञासू' असं मी लिहिलं होतं. खाली सही माझी आहे.