कुंपण आणि सांडवा

बंगळुरूपासून तास-दीड तासाच्या अंतरावर एक-दोन एकर जमीन घ्यावी, तीवर साधे घर बांधावे, छपरावरचे पाणी टाक्यात साठवावे, उन्हावर वीज करावी, नाचणी, पावटा, भाजीपाला, चार फळझाडे आणि एखादी गाय एवढ्यावर कुटुंबाचा निर्वाह चालवावा आणि जमल्यास आजूबाजूच्या गावाला हातभार लावावा, अशा वाडीचे आराखडे काढणारी माणसे त्या शहरात आता विरळ राहिलेली नाहीत. या आराखड्यातल्या पहिल्या रेघेकडे मात्र सहसा कोणाचे लक्ष जात नाही. ती रेघ कुंपणाची असते. घर कोठे, विहीर कोठे, गोठा कोठे हे सारे मग तिच्या आत ठरत जाते. आणि ‘गावाला हातभार’ ही बाब, सर्व जुळून आल्यावर उरेल त्यातून द्यावयाची म्हणून, कागदाच्या समासात लिहिली जाते. आधी आपली पूर्तता आणि मग शेजार, हा क्रम इतका स्वाभाविक वाटतो की तो एक नैतिक निर्णय आहे हेच ध्यानात येत नाही. ‘स्वयंपूर्ण’ या शब्दातला ‘स्व’ नेमका कोठे संपतो, हा प्रश्न त्या पहिल्या रेघेनेच, न विचारता, निकालात काढलेला असतो.

या प्रश्नाचा विचार पाण्यापासून सुरू करणे बरे. तेथे आत्मवंचना फार काळ लपत नाही. बंगळुरू समुद्रसपाटीपासून ९०० मीटरांहून अधिक उंचीच्या पठारावर वसलेले आहे आणि त्याच्या निकट मोठी बारमाही नदी नाही. आज शहराला मिळणारे कावेरीचे पाणी सुमारे १०० किलोमीटरांवरून, जवळजवळ ५०० मीटर चढवून आणावे लागते. पर्जन्यमान वर्षाला साधारण ९७ सेंटिमीटर धरले, तर एका एकरावर वर्षाकाठी सुमारे ३९ लाख लिटर पाणी पडते. पाच माणसांच्या कुटुंबाला दरडोई रोज १०० लिटर धरूनही वर्षाला दोन लाख लिटर लागत नाही. येथवरचा हिशेब मोठा उत्साहवर्धक आहे, आणि पुष्कळांचा आराखडा येथेच थांबतो. परंतु पडलेल्या पाण्यापैकी बराचसा भाग उन्हाने उडून जातो, काही झाडे-पिके पितात, काही वाहून जाते. खाली कठीण खडक असल्यामुळे भूगर्भात उतरतो तो दहावा हिस्सा, बहुधा त्याहूनही कमी. म्हणजे ती एकरभर जमीन पोटातल्या साठ्यात वर्षाला फार तर चार लाख लिटरांची भर घालते. आता त्याच जमिनीवर ताशी पाच हजार लिटर देणारी कूपनलिका रोज दोन तास, वर्षातले तीनशे दिवस चालली, तर ती तीस लाख लिटर पाणी वर काढते. त्यातले थोडे परत मुरेल हे मान्य केले, तरी उरलेले पाणी कोणाचे?

ते शेजाऱ्यांचे असते. कुंपण जमिनीच्या वर असते. खाली, खडकातल्या भेगांतून, सर्वांचे पाणी एक असते. कूपनलिका हजार फूट खाली गेली की पहिल्यांदा कोरडी पडते ती शेजारच्या अल्पभूधारकाची जुनी उघडी विहीर, आणि ती कोणामुळे आटली याचा पुरावा त्याच्यापाशी नसतो. अशी वाडी बाजारातून भाजी आणत नाही, नळाचे पाणी घेत नाही, विजेचे देयक भरत नाही. आणि तरीही ती स्वयंपूर्ण नसते. तिने आपले परावलंबन दृष्टीआड केलेले असते, इतकेच. बाजारातून जिन्नस आणणारा निदान त्याचे मोल मोजतो आणि कोणावर अवलंबून आहोत हे जाणून असतो. या हिशेबात किराणा दुकानाचा गिऱ्हाईक अधिक प्रामाणिक ठरतो, हे वाडीच्या आराखडाकाराला रुचणारे नाही. २०२४ च्या मार्चमध्ये शहरातील सुमारे १४,००० सार्वजनिक कूपनलिकांपैकी जवळजवळ निम्म्या कोरड्या पडल्याचे शासनालाच सांगावे लागले, तेव्हा खाली जाऊन पाणी शोधण्याच्या नीतीचा शेवट कोठे होतो हे पुरेसे दिसून आले.

याच पठारावर पाण्याची एक निराळी व्यवस्था पूर्वी नांदत होती. पहिल्या केंपेगौडाने १५३७ मध्ये बंगळुरू वसवले तेव्हा वस्तीला आधार तळ्यांचा होता. पुढे १६३८ नंतर हा मुलूख शहाजीराजांच्या जहागिरीत आला तेव्हाही शेतीभाती या तळ्यांवरच चालत होती. कन्नडमध्ये अशा तळ्याला ‘केरे’ म्हणतात. प्रत्येक केरेला मातीचा बांध, शेतीला पाणी सोडण्यासाठी ‘तूबु’, आणि ठरावीक उंचीवर ‘कोडी’ असते. कोडी म्हणजे आपण ज्याला सांडवा म्हणतो तो. तळे भरले की जादा पाणी कोडीवरून ओढ्यात उतरते आणि खालच्या तळ्यात जाते. ते भरले की त्याच्या खालच्यात. अशा माळेत एकही तळे एकट्यापुरते नसते. वरच्या गावाने आपली कोडी हातभर उंच केली तर त्याला पाणी अधिक मिळेल हे खरे. पण तो हातभर चिरा खालच्या गावाच्या ताटातून काढलेला असेल. म्हणून कोडीची उंची हा स्थापत्याचा प्रश्न राहत नाही. आपले पुरे कोठे होते आणि दुसऱ्याचे कोठे सुरू होते, हे त्या चिऱ्याने ठरवलेले असते.

ही माळ शहराने तोडली. धर्मांबुधी तळ्याच्या जागी आज मध्यवर्ती बसस्थानक आहे, संपंगी तळ्याच्या जागी क्रीडागार. तळ्यांना जोडणारे ‘राजकालुवे’ नावाचे ओहोळ जागोजागी बुजले. सप्टेंबर २०२२ मध्ये पावसाने शहराच्या पूर्वेकडील भागाला वेढले तेव्हा उंच भिंतींआड राहणाऱ्या श्रीमंत वसाहतींतील रहिवाशांना ट्रॅक्टरांतून आणि होड्यांतून बाहेर काढावे लागले. पाण्याला भिंत दिसली, पण जाण्याची वाट दिसली नाही. आणि मग दीड वर्षाने तो २०२४ चा दुष्काळ. दोन्ही संकटे एकाच चुकीची फळे होती.

तथापि जुन्या व्यवस्थेचे हे चित्र रंगवताना सावध राहिले पाहिजे. तळ्याच्या तूबूवर बसून कोणाच्या शेताला किती पाणी हे पाहणारा जो ‘नीरगंटी’ असे, त्याचे काम बहुधा दलित कुटुंबांकडे वंशपरंपरेने चालत आलेले होते. आणि पाण्याचे वाटप ज्याच्या हाती, त्याच्या स्वतःच्या पदरी जमीन क्वचितच असे. स्वयंपूर्ण खेड्याची जी प्रतिमा मराठी वाचकाच्या मनात आहे तिचीही हीच कथा. त्रिंबक नारायण आत्रे यांनी १९१५ साली ‘गावगाडा’ लिहून बलुतेदारीची जी तपशीलवार नोंद केली, तिच्यातून गाव आपल्या गरजा गावातच भागवत होता हे दिसते, आणि तो कोणाच्या पाठीवर भागवत होता हेही दिसते. गावाला चर्मकार बाहेरून आणावा लागत नव्हता, कारण त्याला दुसरे काही होण्याची मुभाच नव्हती. डॉ. आंबेडकरांनी ४ नोव्हेंबर १९४८ रोजी घटना समितीत ग्रामप्रजासत्ताकाच्या गौरवगानावर कठोर टीका केली आणि संविधानाच्या मसुद्याने गावाऐवजी व्यक्तीला घटक मानले याबद्दल समाधान व्यक्त केले, त्यामागे हा अनुभव होता. गांधीजींच्या कल्पनेतले खेडे मुख्य गरजांपुरते स्वतंत्र आणि इतर पुष्कळ बाबतींत परस्परावलंबी असावयाचे होते. पण ‘परस्पर’ या शब्दात दोन्ही बाजूंना नाही म्हणण्याचा अधिकार गृहीत असतो, आणि गावगाड्यात तो एकाच बाजूला होता. आणखी एक गोष्ट आत्र्यांच्या वाचकांनाही सहसा जाणवत नाही: घराची स्वयंपूर्णता जात्यावर, उखळावर आणि डोक्यावरच्या हंड्यावर उभी असे, आणि ते तिन्ही बाईच्या वाट्याला होते. आजच्या आराखड्यात दळण, कांडण, शेण, सरपण ही कामे कोण करणार याचा रकाना कोरा दिसला, तर उत्तर जुनेच आहे असे समजण्यास हरकत नाही.

बंगळुरूच्या वाडीला हा आक्षेप विशेष लागू पडतो. कर्नाटकाच्या १९६१ च्या जमीन सुधारणा कायद्यात बिगरशेतकऱ्याला आणि ठरावीक मर्यादेपेक्षा अधिक उत्पन्न असणाऱ्याला शेतजमीन घेण्यास जो प्रतिबंध होता, तो २०२० मध्ये उठला. तेव्हापासून शहरातला पैसा खेड्यातल्या जमिनीकडे उघडपणे वाहू लागला. विकणारा नडलेला असतो: कर्ज, कोरडी विहीर, शहरात गेलेली मुले. घेणाऱ्याचा हेतू बहुधा चांगला असतो. पण ज्याने कालपर्यंत त्या जमिनीवर नाचणी काढली तोच उद्या तिच्या फाटकाशी राखणदार म्हणून बसतो, आणि आराखड्यात या घटनेची नोंद ‘स्थानिकांना रोजगार’ अशी होते. नोंद खोटी नाही. तिने जे सांगितले नाही ते मात्र मोठे आहे. जमिनीच्या बदल्यात पगार देणे याला शेजाराला आधार म्हणावे काय, याचा निवाडा पगार देणाऱ्याने करावयाचा नसतो.

देणे हे घेणाऱ्याच्या संमतीवाचून पुरे होत नाही, याचा धडा महाराष्ट्रात एका अगदी निराळ्या वाडीने घेतला. बाबा आमटे यांनी वरोऱ्याजवळच्या माळरानावर मोजक्या कुष्ठरुग्णांना घेऊन आनंदवन उभे केले, तेव्हा तेथे धान्य-भाजीपाला गरजेपुरता पिकू लागला आणि पुढे उरूही लागला. रूढ अर्थाने ती स्वयंपूर्णतेची सिद्धीच होती. परंतु ती भाजी वरोऱ्याच्या बाजारात कोणी घेईना. १९५४ साली सर्व्हिस सिव्हिल इंटरनॅशनल या संस्थेचे देशोदेशींचे स्वयंसेवक तेथे येऊन राहिले, रुग्णांच्या बरोबरीने राबले, त्यांच्या हातचे जेवले, आणि ते पाहून गावाचा संकोच हळूहळू ओसरला. पुढे १९६४ मध्ये याच परिसरात महाविद्यालय निघाले. ज्यांच्या हातची भाजी नाकारली गेली होती त्यांनी राबून उभारलेल्या वास्तूत त्याच भागातली मुले शिकू लागली. ज्याला कोणी शेजारी मानत नव्हते त्याच्यासाठी स्वयंपूर्णता ही प्रतिष्ठेची पहिली पायरी होती. पण पुरेसे पिकवणे त्याला पुरले नाही. आपले कोणी घ्यावे, ही त्याची खरी भूक होती. शहरातून आलेल्या सुखवस्तू माणसाची गोष्ट याच्या नेमकी उलट असते. त्याच्याकडून घ्यायला सारे तयार असतात. गावाकडून काही घेण्याची तयारी त्याची आहे काय, एवढेच पाहायचे राहते.

तो गावाकडून काय घेऊ शकतो? मुख्यतः ज्ञान. कोणत्या नक्षत्रात कोणते बी, करंजाची पाने शेतात केव्हा गाडावी, कोणत्या उतारावर पाणी थांबते, हे त्या मातीत वाढलेल्याला ठाऊक असते. श्री. अ. दाभोळकरांनी ‘प्रयोग परिवारा’तून हेच केले. अवघ्या दहा गुंठ्यांत, म्हणजे पाव एकरात, कुटुंब सुस्थितीत राहू शकते ही त्यांची मांडणी अनेकांच्या लक्षात राहिली. परंतु ज्या रीतीने ते तेथवर पोचले ती कमी लक्षात राहिली. सामान्य शेतकरी हाच प्रयोगकर्ता, एकाचा अनुभव दुसऱ्याने पडताळायचा, चुकला तर तेही सांगायचे. दहा गुंठ्यांच्या मर्यादेला अर्थ आला तो या देवाणघेवाणीमुळे; नाहीतर ते छोटे कुंपण ठरले असते. बंगळुरूच्या उत्तरेस दोड्डबळ्ळापूरजवळ एल. नारायण रेड्डी यांनी रासायनिक शेती सोडून, फुकुओकांच्या विचारांनी प्रभावित होऊन, नैसर्गिक शेती केली. २०१९ मध्ये त्यांचे निधन होईपर्यंत शेतकऱ्यांनी तेथे यावे, पाहावे, विचारावे असा शिरस्ता राहिला. त्यांच्या शेतातून बाहेर गेले त्यात धान्यापेक्षा हे मोठे होते, आणि ते दिल्याने त्यांच्याकडचे उणे झाले नाही.

मग आराखडा कसा काढावा? कुंपणाने सुरुवात करू नये, एवढे तरी म्हणता येते. आधी जमिनीचा सर्वांत खालचा कोपरा शोधावा आणि भरल्यानंतरचे पाणी तेथून कोणाच्या शेतात उतरते ते पाहावे. त्या शेतकऱ्याचे नाव विचारावे. त्याची विहीर किती फुटांवर आहे हे आपली खोदण्यापूर्वी माहीत करून घ्यावे, आणि जी कूपनलिका त्याला सांगून घेता येणार नाही ती घेऊ नये. शेततळ्याच्या सांडव्याची पातळी घराच्या जोत्याआधी ठरवावी. अशा आराखड्यातली वाडी कदाचित बाजारातून तांदूळ आणील, मे महिन्यात भाजी विकतही घेईल, आणि कोणी तिला अपूर्ण म्हणेल. म्हणू द्यावे. हजार फुटांवरचे पाणी उपसून साधलेल्या पूर्णतेपेक्षा हे उणेपण शेजाऱ्याला परवडते, आणि त्यातून त्याच्या दारी जाण्याचे एखादे निमित्तही राहते.

कर्नाटकात तळे भरून कोडीवरून पाणी वाहू लागले की त्याला ‘बागिन’ अर्पण करण्याची चाल आहे. सुपात हळदकुंकू, बांगड्या, धान्य, खण ठेवून ते वरून दुसऱ्या सुपाने झाकतात आणि पाण्यात सोडतात. तळे निम्मे असताना कोणी बागिन देत नाही, काठोकाठ भरून थांबले असतानाही नाही. पहिली धार चिऱ्यावरून उतरून खालच्या गावाकडे निघाली, की बायका सुपे घेऊन बांधावर येतात.