ऋत्विज आणि यजमान

काशीतील दुर्गाघाट अठराव्या शतकात नारायण दीक्षित पाटणकर यांनी बांधविला. त्या परिसरात महाराष्ट्रीय कुटुंबे पिढ्यान्‌पिढ्या नांदत आली. तेथील एखाद्या घरी वृद्ध पित्याला स्मृतिभ्रंश जडला, स्नानाची वेळ झाली म्हणून तो अपरात्री पायऱ्यांकडे निघू लागला, म्हणजे प्रश्न उभा राहतो : वेतन देऊन माणूस ठेवल्यास पितृसेवेत उणेपणा येतो काय?

गीतेच्या दुसऱ्या अध्यायातील स्मृतिभ्रंश क्रोधाच्या परंपरेतून उद्भवतो. हा मेंदूच्या व्याधीतून. दोन्ही एक मानून रुग्णाला दोष लावणे हा अन्यायच होय. २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीनुसार भारतातील सुमारे ८८ लक्ष वृद्ध या व्याधीने ग्रस्त आहेत.

मीमांसकांनी असाच प्रश्न यज्ञासंबंधी सोडविला आहे. ऋत्विज दक्षिणा घेऊन कर्म करतात, तरी यज्ञ यजमानाचाच राहतो. मात्र द्रव्यत्याग यजमानानेच करावयाचा. तोच न्याय येथे लावावा. रात्रीचे जागरण, उचलणे-बसविणे ही कामे सेविकेने केल्याने सेवा बाटत नाही. तिचेही ते स्वकर्मच. तिचे वेतन वेळेवर पोचावे, आणि भ्रमित वृद्धाने तिच्यावर चोरीचा आळ घातल्यास घरच्यांनी तिची बाजू सांभाळावी. परंतु पुत्राला स्वतःचा वेळ सोडावाच लागतो. पुष्कळ घरी सेवेचे पुण्य पुत्र मिरवितो आणि अंथरुणे सून धुते. तिला कोणी विचारलेलेही नसते.

परतफेड करू न शकणाऱ्यास दिलेले दान सतराव्या अध्यायात सात्त्विक म्हटले आहे. ज्याला पुत्राचे नावही आठवत नाही, त्याला दिवसातून एक घास तरी पुत्राने स्वहस्ते भरवावा. पिता त्यालाच नवा चाकर समजून पगार किती म्हणून विचारील, तरीही.